काउंटी लेजिस्लेटरकडे नेमकं काय मागायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते वाचणाऱ्यांनाही कळेल. न्यूयॉर्क राज्यात, लाँग आयलंडवरच्या सफोक काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा), तिच्यातल्या ब्रुकहेवन टाउनमध्ये तुम्ही घर घेतलंत. दिवाळीच्या कार्यक्रमाला तुमच्या भागाचे काउंटी लेजिस्लेटर, म्हणजे काउंटीच्या विधिमंडळातले (लेजिस्लेचरमधले) निवडून दिलेले सदस्य आले, त्यांनी मंडळाला मानपत्र दिलं. तुम्ही त्यांच्या कानावर चार गोष्टी घातल्या. शाळेचा टॅक्स झेपत नाही, घरामागच्या मोकळ्या जागेवर गोदाम येतंय ते थांबवा, कोपऱ्यावर सिग्नल बसवा, आणि दिवाळीला शाळेला सुट्टी द्या. ते चारही गोष्टींना "बघतो" म्हणाले. आज सहा महिने झाले, हालचाल नाही. तुमचा सवाल असा की या माणसाला काही अधिकार आहेत की हे पद नुसतं शोभेचं आहे.

शोभेचं नाही. पण तुम्ही मागितलेल्या चार गोष्टींपैकी दोन त्याच्या हातात अजिबात नाहीत, एक अर्धीमुर्धी आहे आणि एक तुमचा रस्ता कोणाच्या मालकीचा त्यावर अवलंबून आहे. त्यांनी हे तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. लाँग आयलंडवर एका लेजिस्लेटरच्या कार्यालयात मी बरीच वर्षं सहायक होते. रोजच्या फोनांमधले निम्म्याहून जास्त दुसऱ्याच खिडकीचे असायचे. व्हिसा, ग्रीन कार्ड, पासपोर्ट अडकला की आपली मंडळी हमखास काउंटीला फोन करतात. ते काम तुमच्या भागाच्या काँग्रेस सदस्याच्या कार्यालयाचं, आणि तिथे ते खरोखर होतं.

आपल्या डोक्यात गावाकडचा नकाशा पक्का बसलेला असतो. आमदाराला गाठलं की तो तहसीलदाराला फोन करतो, तहसीलदार तलाठ्याला बोलावतो. वरून खाली एक साखळी आहे आणि वजन असलेला माणूस ती कुठूनही हलवतो, हा आपला अनुभव. इथे साखळीच नाही. तुमच्या एकाच घरावर काउंटी, टाउन, स्कूल डिस्ट्रिक्ट (त्या भागातल्या शाळा चालवणारी स्वतंत्र संस्था), फायर डिस्ट्रिक्ट आणि लायब्ररी यांचा वेगवेगळा कर लागतो. यातलं कोणी कोणाचं साहेब नाही. काउंटीचा लेजिस्लेटर टाउनच्या प्लॅनिंग बोर्डाला फोन करू शकतो, तसा तुम्हीही करू शकता. त्याचा फोन लवकर उचलला जाईल, एवढाच फरक.

एक अट आधीच सांगून ठेवते. हे सगळं न्यूयॉर्क राज्यापुरतं आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनचे तुमचे मेहुणे सांगतील ते इथे लागू नाही. न्यू जर्सीत काउंटीचा कारभार कमिशनर पाहतात (२०२० संपेपर्यंत त्यांना फ्रीहोल्डर म्हणत) आणि कनेक्टिकटमध्ये तर १९६० पासून काउंटी सरकारच नाही. न्यूयॉर्कमध्येही ६२ पैकी पाच काउंट्या न्यूयॉर्क शहरात विरलेल्या आहेत. उरलेल्या ५७ मध्ये काही ठिकाणी निवडून दिलेली लेजिस्लेचर आहे, तर काही ठिकाणी टाउनांचे सुपरवायझरच एकत्र बसून लोकसंख्येच्या वजनानुसार मतं देतात. कुठे कारभाराचा प्रमुख, म्हणजे काउंटी एक्झिक्युटिव्ह, लोक निवडतात, कुठे प्रशासक नेमला जातो. सफोकमध्ये १८ लेजिस्लेटर आणि लोकांनी निवडलेला एक्झिक्युटिव्ह आहे, तेव्हा तिथलंच बोलू.

एकट्या लेजिस्लेटरला जवळजवळ काहीही अधिकार नसतो, हे आधी मनात पक्कं करा. तो कुठल्याही खात्याच्या माणसाला आदेश देऊ शकत नाही, कोणाची बदली करू शकत नाही, कोणाचं ट्रॅफिकचं तिकीट माफ करू शकत नाही. खाती चालवतो एक्झिक्युटिव्ह. शेरिफ, डिस्ट्रिक्ट अटर्नी (सरकारी वकील), काउंटी क्लर्क आणि कंप्ट्रोलर (हिशेब पाहणारा) स्वतंत्र निवडून येतात, ते लेजिस्लेटरला उत्तर द्यायला बांधील नाहीत. लेजिस्लेटरकडे आहे ते १८ मधलं एक मत. साधा ठराव करायला १० मतं लागतात. एक्झिक्युटिव्हचा व्हेटो उलटवायला १२ लागतात. कर्जरोखे काढायलाही दोन-तृतीयांश, म्हणजे १२ लागतात. या शेवटच्या आकड्याकडे लोकांचं लक्ष जात नाही. रस्ते, पूल, इमारती, गाड्या, सांडपाण्याची कामं, म्हणजे काउंटीत जे जे डोळ्यांना दिसतं त्यातलं बरंचसं कर्जाऊ पैशातून होतं. सात जण अडून बसले तर कर्ज निघत नाही. त्यामुळे अल्पमतातल्या गटाचा सदस्यही वाटतो तितका दुबळा नसतो. त्याला आपल्या भागातलं एखादं काम यादीत घालून घ्यायचं असेल तर सौदा करायला जागा असते. याला कोणी राजकारण म्हणून नाक मुरडेल. मी त्यालाच कामाची पद्धत म्हणते.

बजेट हेच त्या पदाचं खरं काम. सफोकचं चालू बजेट साधारण चार अब्ज डॉलरचं आहे. एक्झिक्युटिव्ह सप्टेंबरमध्ये मसुदा देतो, लेजिस्लेचरचं स्वतःचं बजेट रिव्ह्यू ऑफिस त्याची चिरफाड करतं, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला मतदान होतं. आकडा ऐकून हरखून जाऊ नका, कारण त्यातला मोठा भाग आधीच बांधलेला आहे. मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्यामधला स्थानिक वाटा, सामाजिक सेवा, तुरुंग, पोलिसांचे करार, शाळापूर्व वयातल्या विशेष गरजांच्या मुलांच्या सेवा. यातलं बरंचसं राज्याने कायद्याने काउंटीच्या गळ्यात घातलेलं आहे. वर २०११ पासून राज्याची कर-मर्यादा आहे. मालमत्ता कराची एकूण वसुली दर वर्षी दोन टक्के किंवा महागाई, यातलं जे कमी असेल त्याहून फार वाढवायची तर ६० टक्के मतं लागतात. म्हणजे खरोखर हलवता येईल अशी रक्कम थोडी उरते. पण बसचा एखादा मार्ग, ज्येष्ठांसाठीचा कार्यक्रम, कम्युनिटी कॉलेजचा वाटा, सामाजिक संस्थांची अनुदानं हे सगळं त्या थोडक्यातच बसतं. तिथे एका सदस्याचा हट्ट चालून जातो.

कायदेही करता येतात. गाडी चालवताना फोन हातात धरायला सफोकने २००० साली बंदी घातली. राज्याने तसा कायदा २००१ मध्ये केला, म्हणजे काउंटी राज्याच्या पुढे होती. उलट बाजूही पाहा. ऑल्बनी काउंटीने २०१० मध्ये ऑनलाइन छळवणुकीविरुद्ध कायदा केला. हेतूबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती, पण शब्दरचना इतकी सैल होती की २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केला. आणि कर म्हणाल तर स्वतःच्या मनाने विक्रीकर वाढवायची मुभासुद्धा काउंटीला नाही. पाणी स्वच्छ ठेवण्यासाठी सफोकला विक्रीकरात एक-अष्टमांश टक्का वाढ हवी होती. त्यासाठी आधी राज्याचा कायदा झाला. २०२३ मध्ये लेजिस्लेचरने प्रश्न मतपत्रिकेवर जाऊ दिला नाही. २०२४ मध्ये जाऊ दिला, नोव्हेंबरमध्ये मतदारांनी मंजुरी दिली आणि मार्च २०२५ पासून दर ८.७५ टक्के झाला. राज्य, लेजिस्लेचर आणि मतदार, तिघांनी हो म्हटल्यावर एक-अष्टमांश टक्का वाढला. या पदाची ताकद आणि मर्यादा समजून घ्यायची असेल तर हे एकच प्रकरण वाचलं तरी पुरे.

मताखेरीज त्याच्याकडे आणखी एक साधन असतं, ते म्हणजे समितीच्या बैठकीत विचारलेला प्रश्न. सार्वजनिक बांधकाम, आरोग्य, पोलीस या खात्यांचे प्रमुख समितीपुढे येतात, बैठकीची नोंद होते, पत्रकार बसलेले असतात. तीन पत्रांना न मिळालेलं उत्तर तिथे दोन मिनिटांत मिळालेलं मी पाहिलं आहे. कारण सोपं आहे. त्याच खात्याचं बजेट पुढे त्याच लोकांकडे मंजुरीला येणार असतं.

आता तुमच्या चार गोष्टी घेऊ. गोदामाचं आधी आणि सविस्तर, कारण त्याला तारीख असते.

जमिनीचा वापर ठरवणं न्यूयॉर्कमध्ये टाउन, व्हिलेज आणि शहरांचं काम आहे, काउंटीचं नाही. म्हणून पहिली चौकशी टाउनच्या प्लॅनिंग विभागात करा. त्या जागेचं झोनिंग, म्हणजे तिथे कशाला परवानगी आहे तो ठरलेला वापर, आत्ताच औद्योगिक आहे, की मालकाने ते बदलून मागितलंय? बदलून मागितलं असेल तर निर्णय टाउन बोर्डाचा असतो आणि त्यांना सरळ "नाही" म्हणता येतं. झोनिंग आधीच औद्योगिक असेल तर प्रकरण साइट प्लॅनचं, म्हणजे जागेवरच्या मांडणीच्या आराखड्याचं आहे. तिथे प्लॅनिंग बोर्ड सहसा नकार देऊ शकत नाही, अटी घालू शकतं. झाडांचा पट्टा, ट्रकच्या वेळा, दिवे, आवाजाची भिंत. दुसऱ्या प्रकारात "गोदाम नको" असं म्हणत बसलात तर हातचं जाईल. अटींची यादी घेऊन जा. दोन्ही प्रकारांत राज्याच्या पर्यावरण आढाव्याची कागदपत्रं बघायला मागा. ट्रकच्या फेऱ्यांचा अंदाज त्यातच असतो. टाउनमध्ये तुमचा माणूस म्हणजे तुमच्या विभागाचा टाउन काउन्सिलचा सदस्य. ब्रुकहेवनमध्ये असे सहा विभाग आहेत.

काउंटीचा हात या प्रकरणात चार ठिकाणी लागतो, आणि लेजिस्लेटरला तिथेच पकडायचं.

जागा काउंटी किंवा राज्याच्या रस्त्यापासून, उद्यानापासून किंवा टाउनच्या हद्दीपासून ५०० फुटांच्या आत असेल तर प्रकरण काउंटी प्लॅनिंग कमिशनकडे पाठवावं लागतं. कमिशनने प्रतिकूल मत दिलं तर टाउनला ते डावलायला बहुमतापेक्षा एक मत जास्त लागतं, म्हणजे सात जणांच्या टाउन बोर्डात चारऐवजी पाच. कमिशनचे सदस्य एक्झिक्युटिव्ह नेमतो आणि लेजिस्लेचर त्यांना मंजुरी देतं. त्यामुळे तुमच्या लेजिस्लेटरचं लेखी मत तिथे नीट वाचलं जातं. हुकूम म्हणून नव्हे, पण वाचलं जातं.

दुसरं, गोदामाचं फाटक काउंटीच्या रस्त्यावर उघडणार असेल तर काउंटीच्या बांधकाम खात्याचा परवाना लागतो. वळणाची वेगळी मार्गिका, प्रवेशाची जागा, सिग्नलच्या खर्चात वाटा अशा अटी तिथे घालता येतात. ट्रकचा त्रास कमी करायला माझ्या मते ही सगळ्यात उपयोगी जागा आहे, आणि शेजाऱ्यांपैकी कोणीच तिथे जात नाही. सगळे टाउन हॉलमध्ये ओरडतात.

तिसरं सांडपाणी. सफोकमधल्या बहुतेक घरांना गटारजोड नाही, साडेतीन लाखांहून अधिक सेसपूल (शोषखड्डे) आणि सेप्टिक टाक्या आहेत, आणि पिण्याचं पाणी आपण त्याच जमिनीखालून उपसतो. म्हणून काउंटीच्या आरोग्य खात्याची मंजुरी बांधकामाला लागते. अपार्टमेंटचा प्रकल्प इथे अडकू शकतो. गोदामात माणसं कमी आणि पाण्याचा वापर त्याहून कमी, तेव्हा इथून फार आशा धरू नका. आत रसायनं साठवणार असतील तर गोष्ट वेगळी.

चौथा मार्ग दुर्मीळ आहे. मोकळ्या जागा आणि भूजल राखण्यासाठी सफोककडे जमीन विकत घेण्याचा कार्यक्रम आहे. १९८७ मध्ये मतदारांनी त्यासाठी पाव टक्का विक्रीकर मंजूर केला होता. मालक विकायला तयार असेल आणि जागा पर्यावरणाच्या निकषांत बसत असेल तर लेजिस्लेटर स्वतः तसा ठराव आणू शकतो. दोन्ही "तर" मोठे आहेत. गोदामाचा अर्ज दाखल करून बसलेला मालक सहसा विकत नाही. पण तुमच्या मागच्या जागेत झाडी किंवा पाणथळ असेल तर विचारून बघण्यात काही जात नाही.

सिग्नलचं उत्तर रस्त्याच्या पाटीवर आहे. निळ्या पंचकोनी पाटीवर पिवळा आकडा असेल तर रस्ता काउंटीचा, जसा निकल्स रोड, काउंटी रोड ९७. मिडल कंट्री रोड, म्हणजे रूट २५, राज्याचा. बाकी वस्तीतले रस्ते बहुतेक टाउनचे, आणि ब्रुकहेवनमध्ये त्यासाठी हायवे सुपरिटेंडेंट स्वतंत्र निवडून येतो. काउंटीचा रस्ता असेल तर लेजिस्लेटर बांधकाम खात्याकडून वाहतुकीची पाहणी करून घेऊ शकतो आणि पुढे पैशाला मत देऊ शकतो. सिग्नल लावाच, असं मात्र तो म्हणू शकत नाही. गाड्यांची संख्या, पादचारी, अपघात यांचे ठरलेले निकष आहेत. इंजिनीअरने नको म्हटलेल्या जागी सिग्नल लावला आणि तिथे अपघात झाला तर खटला काउंटीवर येतो. म्हणून पत्रात "सिग्नल हवा" असं लिहू नका. "या चौकाची पाहणी करा, आणि सिग्नल बसत नसेल तर दुसरं काय करता येईल ते लेखी कळवा" असं लिहा. पादचारी पट्टे, झाडाझुडपांची छाटणी, वेग दाखवणारा फलक, वळणाची बाणखूण ही कामं कमी पैशात होतात. पोलीस अहवालांच्या तारखा जोडल्यात तर पत्राला वजन येतं.

शाळेच्या टॅक्सबद्दल तुमचे लेजिस्लेटर काहीही करू शकत नाहीत. जिल्हा परिषदेची शाळा पाहत मोठं झालेल्या माणसाला हे विचित्र वाटतं खरं. तिकडे जिल्ह्याच्या संस्थेचं अर्धं मन शाळांतच गुंतलेलं असतं. इथे काउंटीकडे पोलीस आहेत, तुरुंग आहे, बस आहे, पण शाळा नाही. डिसेंबरमध्ये येणारं कराचं बिल समोर घेऊन ओळीओळीने वाचा. साधारण दोन-तृतीयांश रक्कम स्कूल डिस्ट्रिक्टची दिसेल. काउंटीच्या जनरल फंडाची ओळ इतकी बारीक असते की लोक दोनदा बघतात. लेजिस्लेटरच्या मताने हलणारी मोठी ओळ पोलीस डिस्ट्रिक्टची. शाळेच्या बजेटवर मतदान मे महिन्यातल्या तिसऱ्या मंगळवारी होतं, फार थोडे लोक जातात, तेव्हा चार गल्ल्यांनी मिळून गेलात तरी फरक पडतो. घराचं मूल्यांकन जास्त लागलंय असं वाटत असेल तर ते टाउनच्या असेसरचं काम, आणि त्याची तक्रार नोंदवायचा शेवटचा दिवस नेमका तोच, मेचा तिसरा मंगळवार. कॅलेंडरवर दोन्ही लिहून ठेवा.

दिवाळीची सुट्टीही स्कूल बोर्डाचीच. न्यूयॉर्क शहरातल्या शाळांना ती २०२३ मध्ये राज्याच्या कायद्याने मिळाली, पण तो कायदा शहरापुरता आहे. लाँग आयलंडवर काही डिस्ट्रिक्टांनी स्वतःहून ती दिली आहे. पुढच्या वर्षाचं शालेय कॅलेंडर मंजूर होण्याआधी, हिवाळ्यात, बोर्डाच्या सभेत पालकांनी बोलायचं. लेजिस्लेटरकडून पाठिंब्याचं पत्र घ्या हवं तर, त्याला खर्च नाही.

मागायचं कसं, हेही सांगते. समारंभात मागू नका. तिथे ते हो म्हणायलाच आलेले असतात, आणि गाडीत बसेपर्यंत अर्धं विसरलेले असतात. कार्यालयात फोन करून सहायकाचं नाव विचारा, त्याच्याच नावे ईमेल करा. एका पत्रात एकच विषय, जागेचा पत्ता, रस्त्याचा क्रमांक, दोन-तीन फोटो, आणि तुम्हाला कोणती कृती हवी ते एका वाक्यात. आम्ही असं पत्र त्याच दिवशी खात्याकडे पाठवायचो. चार विषयांचं लांबलचक पत्र "नंतर नीट वाचू" या ढिगात जायचं. दोन आठवड्यांनी पुन्हा फोन करा, त्यात संकोच नको. दहा घरांच्या सह्या एकट्याच्या दहा पत्रांपेक्षा जड असतात.

वेळही बघा. बांधकामांचं कॅपिटल बजेट वसंतात मांडलं जातं आणि जूनच्या सुमारास मंजूर होतं, तेव्हा रस्त्याची मागणी मार्चमध्ये पोचलेली बरी. मंडळासाठी अनुदान हवं असेल तर ऑगस्टपर्यंत बोला. त्याला नोंदणीकृत ना-नफा संस्था आणि चोख हिशेब लागतो, आणि पैसे बहुधा खर्च केल्यानंतर पावत्या दाखवून मिळतात. सर्वसाधारण बैठकीत लोकांना बोलायला वेळ असतो, वक्त्याला तीन मिनिटं. मराठी माणूस त्यातली दोन प्रस्तावनेत घालवतो. पहिल्याच वाक्यात पत्ता आणि मागणी सांगा.

आज लगेच करायचं ते एवढंच. टाउनच्या प्लॅनिंग विभागाला फोन करून गोदामाच्या फाइलची सुनावणी कधी आहे ते विचारा, आणि जाता येता त्या रस्त्याची पाटी बघा. सुनावणी झालेली असेल तरी लेखी म्हणणं कोणत्या तारखेपर्यंत घेतात तेही विचारून घ्या. या दोन गोष्टी इथे कळवल्यात तर लेजिस्लेटरच्या कार्यालयाला पाठवायचं पत्र कसं असावं ते मी लिहून देते.